रंगाऱ्याने सांगितलेली रक्कम रास्त आहे का?

प्रश्न : घराला आतून रंग द्यायचा आहे. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, मिळून कार्पेट ६५० चौरस फूट. मागचा रंग देऊन आठ वर्षं झाली. इमारत चाळीस वर्षांची, दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर चढलेत. न्हाणीघराला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून दोन-अडीच फूट ओल आहे, तिथले पोपडे निघतात. तीन रंगारी येऊन गेले. पहिल्याने खोल्यांतून एक चक्कर मारली आणि उक्ती रक्कम सांगितली. तीन माणसं लावून चार दिवसांत घर मोकळं करतो, ओलीच्या भिंतीला वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, म्हणाला. दुसऱ्याने टेप लावून मापं घेतली, २,१०० चौरस फूट भरतात म्हणाला आणि त्यावर दर लावला. तीन माणसं, सात दिवस. तिसऱ्याने छापील कोटेशन पाठवलं : महागातला धुता येणारा रंग, सगळीकडे पूर्ण पुट्टी, तीन माणसं, दहा दिवस. पहिल्याची रक्कम १०० धरली तर दुसऱ्याची १४५ आणि तिसऱ्याची २२० होते. आमचे हे म्हणतात, रंग तो रंग, स्वस्तातला घ्या. ६५० फुटांच्या घरात २,१०० फूट आले कुठून? दुसरा फसवतोय का? आणि तिघांत खरा भाव कोणाचा? घरात सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे काम लांबलं तर तीही काळजी आहेच.
— एक वाचक

उत्तर : तुमचा दुसरा रंगारी फसवत नाहीये, हे आधी सांगतो. टेप हातात घेऊन आलेला माणूस केवळ आकडा मोठा दिसला म्हणून तुमच्या मनातून उतरायला नको.

तुम्ही घर जमिनीच्या मापाने मोजता, रंगारी ते भिंतींच्या मापाने मोजतो. तुमच्याकडची एखादी खोली १० बाय १२ ची आणि नऊ फूट उंच आहे असं धरा. चारही भिंतींचा घेर ४४ फूट, त्याला उंचीने गुणलं की ३९६ चौरस फूट भिंत झाली. वर १२० चौरस फुटांचं सिलिंग. एकूण ५१६. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ फूट वजा केले तरी ४७९ उरतात. म्हणजे १२० फुटांच्या खोलीत जवळजवळ चौपट रंगकाम. सगळ्या घरात हे प्रमाण खाली येतं, कारण स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात टाइल्स असतात, कपाटांमागचा भाग रंगवायचा नसतो. कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट हा अंदाज बहुतेक घरांना लागू पडतो. ६५० वर २,१०० म्हणजे सव्वातीन पट. आकडा अगदी माफक आहे. तरी एका संध्याकाळी स्वतः टेप घेऊन एक खोली मोजा आणि त्याच्या कागदावरच्या त्याच खोलीशी ताडून बघा. एक खोली जुळली की बाकीच्या जुळतात.

दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, हे मात्र त्याला आत्ताच विचारा. छोट्या खिडकीची जागा बरेच रंगारी वजा करत नाहीत. तिच्या कडा सांभाळून ब्रश चालवायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं असतं आणि ते खरं आहे. मला त्यात वावगं वाटत नाही, फक्त ते कामाच्या आधी ठरलेलं असावं.

आता मुख्य गोष्ट. १००, १४५ आणि २२० या एकाच कामाच्या तीन किमती नाहीत. तिघांनी तीन वेगवेगळी कामं मनात धरून रकमा सांगितल्या आहेत आणि पहिल्याने नक्की कोणतं काम धरलंय हे तुम्हाला माहीतच नाही. त्यामुळे त्यांची तुलना आज होऊच शकत नाही. काय करायचं हे तुम्ही ठरवून, एका कागदावर लिहून तिघांच्या हातात तोच कागद दिला पाहिजे. मग येणाऱ्या रकमा एकमेकींशेजारी ठेवण्यासारख्या होतील.

त्या कागदावर सर्वांत आधी रंगाचं नाव येतं असं लोकांना वाटतं. पण रंगकामातला पैसा खरा जातो तो रंगाच्या आधीच्या कामात : खरवडणं, भेगा उघडून भरणं, पुट्टी, घासणं, प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा हात. शेवटचे रंगाचे दोन हात हा सर्वांत झटपट होणारा आणि सर्वांत जास्त दिसणारा भाग. स्वस्तात काम करणारा कात्री लावतो ती न दिसणाऱ्या भागाला. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही रंगाऱ्यांची भिंत सारखीच छान दिसेल. फरक कळायला वर्ष-दीड वर्ष जावं लागतं आणि तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

तुमच्या भिंतींना किती तयारी लागेल, हे तुम्हाला स्वतःला पाहता येईल. त्यासाठी रंगाऱ्याच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. कोरडा तळहात भिंतीवर जोरात घासा. हाताला पांढरी पूड लागली तर वरचा थर सुटत चाललाय, तो खरवडल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. मग चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीवर दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे कपटे आले तर तिथेही तेच. तिसरी तपासणी रात्रीची. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च भिंतीला गाल टेकवल्यासारखा चिकटवून धरा आणि प्रकाश भिंतीच्या अंगावरून लांबवर सोडा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर खड्डे, पुट्टी ओढायच्या पत्र्याचे ओरखडे, जुन्या डागडुजीच्या कडा लांब सावल्या टाकत उभ्या राहतील. हॉलची मोठी भिंत आणि दिवाणामागची भिंत अशी नक्की पाहा.

आठ वर्षांचा रंग हाताला पूड लावत नसेल, पट्टीला सुटत नसेल आणि टॉर्चच्या उजेडात भिंत बऱ्यापैकी सपाट दिसत असेल, तर सगळ्या घराला पूर्ण पुट्टीची गरज नाही. खिळ्यांची भोकं, भेगा, टवके एवढंच भरून घासून त्या जागी प्रायमर द्यायचा आणि वर रंगाचे दोन हात. तिसऱ्याने धरलेली पूर्ण पुट्टी म्हणजे सगळीकडे पत्र्याने दोन थर ओढायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग काचपेपरने सगळं घासायचं. काम उत्तम होतं, पण माणसांचे दिवस खातं आणि घरभर पीठ उडवतं. सासूबाईंच्या दम्याचा विचार करता, गरज नसलेली पुट्टी टाळणं पैशांपेक्षाही त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे. टॉर्चखाली एकटी हॉलची भिंत वाईट दिसली तर तेवढ्याच भिंतीला पूर्ण पुट्टी करून घ्या. कोणताही समंजस रंगारी याला नाही म्हणणार नाही.

आता रक्कम जोखायची कशी? मी स्वतः कोणत्याही कोटेशनला आधी एकच प्रश्न विचारतो : किती माणसं, किती दिवस? तिघांनीही तुम्हाला त्याचं उत्तर दिलं आहे, म्हणून तुमचं काम सोपं झालं. पहिल्याचे तीन माणसांचे चार दिवस म्हणजे १२ मनुष्यदिवस, दुसऱ्याचे २१, तिसऱ्याचे ३०. प्रत्येकाला माल आणि मजुरी वेगळी करून मागा. समजा, पहिल्याच्या १०० मधले ४० मालाचे निघाले, दुसऱ्याच्या १४५ मधले ५५, तिसऱ्याच्या २२० मधले १००. मग मजुरीचे उरतात ६०, ९० आणि १२०. त्यांना मनुष्यदिवसांनी भागा. पहिल्याच्या एका माणसाचा एक दिवस ५ ला पडतो, दुसऱ्याचा ४.३ ला, तिसऱ्याचा ४ ला. मालाचे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील. पण असं चित्र निघालं तर वरवर सर्वांत स्वस्त दिसणारा माणूस दिवसाच्या हिशेबाने सर्वांत महाग आहे. त्याची रक्कम कमी आहे ती तो कमी दिवस काम करणार म्हणून.

हा भागाकार खऱ्या रुपयांत केला की आणखी एका कामी येतो. तुमच्या भागात कुशल रंगाऱ्याचा रोज किती, हे दोन-तीन जणांना विचारून कळतं. भागाकाराचं उत्तर त्या रोजापेक्षा थोडं वर असायला हवं. वरचा भाग म्हणजे शिड्या, रोलर, ब्रश, ये-जा, तुमच्याकडे बघायला आला तो फुकट गेलेला वेळ, नंतर टचिंगला पुन्हा येणं आणि त्याचा स्वतःचा नफा. तो त्याचा हक्क आहे. उत्तर चालू रोजाच्या दुप्पट आलं तर विचारणा करा. चालू रोजापेक्षा खाली आलं तर जास्त सावध व्हा. तेवढ्यात कोणाचंच घर चालत नाही, त्यामुळे सांगितलेले दिवस भरले जाणार नाहीत किंवा हाताखालच्या माणसाला त्याचे पैसे मिळणार नाहीत. माझ्या घराच्या भिंतींसाठी कोणाचा रोज बुडावा हे मला तरी नको असतं, तुम्हालाही नको असेल.

दिवस खरे आहेत का, हे वाळण्याच्या वेळावरून कळतं. पाण्यावरचा प्रायमर किंवा इमल्शन, म्हणजे भिंतींचा पाण्यावरचा रंग, यांच्या दोन हातांमध्ये साधारण चार तास जाऊ द्यावे लागतात, हवा ओलसर असेल तर जास्त. किती ते डब्यावर छापलेलं असतं. पुट्टीचा थर रात्रभर राहू दिलेला बरा. सामान सरकवणं, झाकणं, खरवडणं यांत पहिला दिवस जातोच. मग चार दिवसांत सगळं घर, दारांसकट, भरणी आणि घासणी नीट करून? एक तर प्रायमर वगळला जाईल, नाहीतर ओल्यावर दुसरा हात पडेल. पहिल्याला रागाने नाही, साधेपणाने विचारा : कोणत्या दिवशी काय करणार, ते सांगा. त्याला ते सांगता आलं तर ऐकून घ्या.

मालाचा हिशेबही फार अवघड नाही. बहुतेक इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत भिंतीवर एका हाताला १० ते १२ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ ते १२९ चौरस फूट जातो. तुमच्या २,१०० मध्ये ६०० सिलिंग आणि १,५०० भिंती धरू. भिंतींना दोन हात म्हणजे ३,००० चौरस फूट, लिटरला ११० धरले तर २७ लिटर. सिलिंगला त्याच हिशेबाने ११ लिटर. कोटेशनमध्ये भिंतींसाठी ४० लिटर असतील तर का ते विचारा. १५ लिटर असतील तर तेही विचारा, कारण मग एक तर हात एकच बसणार किंवा रंगात पाणी जास्त पडणार. पाणी किती घालायचं तेही डब्यावर असतं. डबे सीलबंद यावेत आणि तुमच्यासमोर उघडले जावेत, एवढं सांगून ठेवलं की पुढे बोलायची वेळ येत नाही.

रंगाच्या प्रतीबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो. सिलिंगला, कोठीला महागडा रंग वाया जातो. तिथे कोणी हात लावत नाही, डाग पडत नाहीत. हॉल, जाण्या-येण्याची वाट, स्वयंपाकघर इथे मात्र पुसता येणारा रंग घ्यावा. असं पाहा : १०० च्या कामात नुसत्या रंगाचे २५ असतील आणि दीडपट किमतीचा रंग घेतला, तर एकूण रक्कम साडेबाराने वाढते. मजुरी तीच राहते. हलक्या प्रतीचा रंग घेऊन वाचवलेले साडेबारा, दोन वर्षं आधी पुन्हा रंग द्यावा लागला की सगळे निघून जातात. चकाकीचं मात्र जपून. भिंत जितकी चकचकीत तितके तिचे खड्डे उठून दिसतात, मॅट रंग ते पोटात घेतो. तिसऱ्याचा धुता येणारा रंग चकाकीचा असेल, तर त्याने सोबत पूर्ण पुट्टी धरलीय ती याच कारणाने, त्याचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. रंगछटेनेही खर्च हलतो. गडद भिंत फिकी करायची असेल किंवा झळझळीत पिवळा-लाल हवा असेल तर दोन हातांत झाकलं जात नाही, तिसरा धरावा लागतो.

ओलीची भिंत या सगळ्या हिशेबातून बाहेर काढा. तिला आत्ता रंगच द्यायचा नाही. पाणी मागून येत असेल तर पुढून मारलेली पुट्टी, तिच्या डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी, ते थांबवत नाही. ओल बाजूला किंवा वर सरकते, नाहीतर थर फुगून निघतो. खात्री करायची तर एक साधी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा ओलीच्या जागी चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर तसाच ठेवा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून धरले तर खोलीतल्या हवेची आहे. न्हाणीघर पलीकडे आहे म्हणता, तेव्हा पहिलीच शक्यता दाट. आधी प्लंबरला दाखवा, नळी किंवा टाइल्सचे सांधे दुरुस्त करून घ्या, तेवढा गिलावा खरवडून भिंत काही आठवडे उघडी वाळू द्या. नवा गिलावा करावा लागला तर त्यालाही चार आठवडे द्यायला हवेत. ही भिंत नंतर करायची, तिचा दर आत्ता ठरवून ठेवायचा, असं रंगाऱ्याशी बोला. पहिल्याने वॉटरप्रूफ पुट्टीचं आश्वासन इतक्या सहज दिलं, हे त्याच्याबद्दल मला रकमेपेक्षा जास्त सांगून जातं.

दारांचं वेगळं सांगतो, कारण इथे प्रश्न तब्येतीचाही आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. आता अनेक देशांत रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी कमी आहे, जुन्या थरांत ते कितीतरी जास्त असू शकतं. असे थर कोरडे घासले की धूळ श्वासात जाते, जमिनीवर बसते आणि लहान मुलांना तिचा सर्वांत जास्त धोका असतो. दारं पाणी मारून ओल्या काचपेपरने घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, ते गुंडाळूनच बाहेर टाका, घासणाऱ्यांनी तोंडाला नीट बसणारा मास्क लावावा. शक्य असेल तर शिशाची तपासणी आधी करून घ्या. या काळजीला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला हवेत. दारं आणि ग्रिल कोटेशनमध्ये नगावर वेगळी लिहून घ्या, चौरस फुटात मिसळू देऊ नका. ग्रिल रंगवणारा दिवसभर बसलेला असतो आणि मापात ती जागा काहीच भरत नाही.

सासूबाईंना घासणीच्या आणि रंगाच्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवता आलं तर उत्तम. नाहीतर त्यांची खोली सर्वांत आधी संपवून, दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून, मग तिथे त्यांना हलवा आणि दार बंद ठेवून बाकीचं काम करा. कमी वासाचा रंग मागा. खोल्यांचा हा क्रम रंगाऱ्याला आधी सांगितला पाहिजे. एका वेळी एकच खोली मिळाली की त्याची माणसं वाळण्याची वाट बघत बसतात, आणि ते दिवस तो रकमेत धरणारच.

पैसे टप्प्यांनी द्या. सुरुवातीला माल येईल इतके, प्रायमर झाल्यावर मधले, आणि दहा-पंधरा टक्के शेवटच्या टचिंगनंतर. मधला हप्ता देण्याआधी पुन्हा तीच टॉर्च भिंतीला लावून बघा. प्रायमरवर दिसलेला खड्डा पाच मिनिटांत भरता येतो, रंग झाल्यावर तोच खड्डा भांडणाचा विषय होतो. शेवटचे पैसे दिवसाच्या उजेडात भिंती पाहून द्या आणि छटेचा क्रमांक लिहिलेला अर्धा-एक लिटर उरलेला रंग मागून ठेवा.

घासाघीस करावी का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण यजमानांच्या मनात ते असणार. दरावर करू नका, कामावर करा. सिलिंगला साधा रंग, पूर्ण पुट्टी एकाच भिंतीला, सामान आम्ही हलवू, स्विचच्या पट्ट्या आम्ही काढून देऊ, असं म्हटलं की रक्कम खरोखर उतरते आणि कामाला धक्का लागत नाही. दर पाडून घेतला तर तो कमी झालेला पैसा कुठून तरी भरून काढला जातो, आणि ती जागा आपल्याला दिसत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर दुसऱ्याशी बोलणं पुढे नेलं असतं. तुमचा कागद त्याला आणि तिसऱ्याला द्या : डागडुजीपुरती पुट्टी, हॉलच्या भिंतीचा निर्णय टॉर्चवर, ओलीची भिंत वगळून, दारं नगावर. तिसऱ्याची रक्कम या कागदावर बरीच खाली येईल, दुसऱ्याची दारांमुळे कदाचित थोडी वर जाईल. दोघांनी वर्षापूर्वी केलेलं एक-एक घर बघून या, तिथे सिलिंगचे कोपरे, स्कर्टिंगच्या वरची वीतभर भिंत आणि स्विचभोवतीची कडा पाहा. रकमा जवळजवळ आल्या तर ज्याच्या जुन्या घरात हे कोपरे स्वच्छ आहेत त्याला काम द्या. पहिल्यालाही हवा तर कागद पाठवा. त्याने दिवस वाढवून नवी रक्कम दिली तर त्याचाही विचार होऊ शकतो, चार दिवसांवरच अडून राहिला तर नको.